जीर्णोद्धार : देवळाचा आणि विमानाच्या इंजिनाचा

हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याच्या नागनाथास प्रदक्षिणा घालणाऱ्याने पावले जरा सावकाश टाकली आणि दृष्टी भिंतीवरून हळूहळू वर नेली, तर एका ठिकाणी ती आपोआप थबकते. खाली काळ्या दगडातील कोरीव काम. देवदेवता, हत्ती, वेलपत्ती. तसूभर जागा रिकामी नाही. आणि त्यावर एकाएकी विटांचे, चुन्याच्या गिलाव्याचे पांढरे शिखर. मूळचा वरचा भाग स्वाऱ्यांच्या धामधुमीत पडला आणि पुढे अहल्याबाई होळकरांनी देवालयाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. देऊळ जुने म्हणावे की नवे, हा प्रश्न भाविकाच्या मनास शिवतही नाही. नागनाथ तोच, क्षेत्र तेच, पूजा अखंड. मग दगडाच्या जागी वीट आली म्हणून काय बिघडले? 'जीर्णोद्धार' या एका शब्दात आपल्या पूर्वजांनी हा सारा वाद मिटवून टाकला आहे.

परंतु हाच प्रश्न एका निराळ्या वस्तूविषयी उपस्थित झाला, की तो इतक्या सहजासहजी मिटत नाही. ती वस्तू म्हणजे जुन्या विमानाचे इंजिन. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी घडविलेले इंजिन उघडावयाचे, झिजलेले भाग काढावयाचे, त्यांच्या जागी दुसरे बसवावयाचे आणि ते पुन्हा आकाशात न्यावयाचे. यांत कोणता भाग कोणी व कोणत्या अधिकाराने बदलावा? आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना विमानाच्या यंत्राशी कधी कर्तव्य पडणार नाही, हे आम्ही जाणून आहो. तथापि ज्यांच्या घरी आजोबांचे लंबकाचे घड्याळ आहे आणि त्याची कमान कधी काळी बदललेली आहे, त्यांना हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. भेद इतकाच की, घड्याळाची कमान तुटली तर वेळ चुकते. विमानाच्या इंजिनातील दांडा तुटला तर माणसे मरतात.

प्रथम ओव्हरहॉल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मोटारीचे इंजिन बिघडले म्हणजे आपण ते उघडतो. विमानाचे इंजिन बिघडण्याची वाट पाहावयाची नसते. ठराविक तास चालले की ते संपूर्ण सुटे करावयाचे, प्रत्येक भाग धुवून मोजावयाचा, डोळ्यांस न दिसणारी चीर आहे की काय हे तपासावयाचे आणि मर्यादेपलीकडे झिजलेला भाग बाद करून इंजिन पुन्हा जुळवावयाचे, अशी ही रीत आहे. म्हणजे भाग बदलणे हा या यंत्राच्या आयुष्यातील अपवाद नव्हे, नियमच आहे. दहा ओव्हरहॉल पाहिलेल्या इंजिनात मूळचे किती उरले, असे कोणी विचारल्यास कारागीर केवळ हसेल.

या यंत्राचा जन्मही काही ठिकाणी अशाच मोडतोडीतून झालेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात लढाऊ विमानांच्या इंजिनांचे ढीग शिल्लक पडले होते. त्यांत रेनॉल्टच्या धर्तीची आठ सिलिंडरांची इंजिने होती. फ्रँक हाफर्ड या कल्पक अभियंत्याने त्यांचे सिलिंडर व इतर भाग घेतले, जणू अर्धे इंजिन कापून काढले आणि त्यातून चार सिलिंडरांचे 'सिरस' इंजिन सिद्ध केले. १९२५ साली डी हॅव्हिलंड कंपनीचे 'मॉथ' हे हलके विमान याच इंजिनावर उडाले, आणि सामान्य माणसास परवडेल असे विमान प्रथमच जगास मिळाले. पुढे शिल्लक इंजिनांचा साठा संपत आला, तेव्हा हाफर्डने १९२७ साली सर्वस्वी नवे 'जिप्सी' इंजिन केले. म्हणजे ज्या घराण्यातील इंजिने आज पुराणवस्तू म्हणून जिवापाड जपली जातात, त्याचा मूळ पुरुषच मुळी जुन्या सुट्या भागांतून जन्मास आला होता.

या जिप्सी घराण्याचा हिंदी विमानविद्येशी निकटचा संबंध आहे. आगाखान यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास पारितोषिक जाहीर केले. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. मिसर देशातील अबुकीर येथे टाटा उतरले, तो अस्पी तेथे अडकून पडलेले. कारण काय, तर स्पार्क प्लग नाहीत! टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. अस्पी आधी पोहोचले, पारितोषिक त्यांना मिळाले, आणि कालांतराने ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. या गोष्टीतील औदार्य सर्वांच्या लक्षात राहते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तीत एक दुसरेही मर्म आहे. एका विमानाचा भाग दुसऱ्यात बसला आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. कारण दोन्ही इंजिने एकाच जातीची होती, आणि प्लग हा बदलण्यासाठीच बनविलेला भाग आहे. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी 'पुस मॉथ' विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणली. त्या विमानाचे इंजिनही जिप्सीच.

विमाने वाढली तसा कायदाही आला. १९३४ साली विमानांचा कायदा झाला आणि १९३७ साली त्याखालील नियम. १९३४ चा तो कायदा नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. या नियमांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, विमानाजवळ उड्डाणयोग्यतेचा दाखला हवा, त्याची देखभाल परवानाधारक अभियंत्याच्या सहीने व्हावी, आणि त्यावर जे जे काम झाले त्याची नोंद लॉगबुकात असावी. तलवारीस म्यान, तसे विमानास लॉगबुक. ते हरवले तर चांगले विमानही कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरते.

दुसऱ्या महायुद्धाने या देशास ओव्हरहॉलची विद्या शिकविली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. विमाने बांधण्याचे त्यांचे स्वप्न होते. परंतु युद्धाच्या धामधुमीत १९४३ साली तो कारखाना अमेरिकन हवाईदलाच्या हाती गेला आणि तेथे मुख्यत्वे विमानांच्या व इंजिनांच्या दुरुस्तीचे काम चालले. युद्ध संपल्यावर शिल्लक पडलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली; त्यांतील अनेक बंगळूरास नागरी वाहतुकीयोग्य करून विमान कंपन्यांनी घेतली. औंढा व हिंगोली ही तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होती. त्याच राज्याच्या राजधानीत, बेगमपेठेच्या तळावर, 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी अशीच डाकोटा विमाने घेऊन उभी राहिली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत चालली. युद्धासाठी घडलेले यंत्र भाग बदलून प्रवाशांच्या सेवेस लागले. यंत्रांचा जीर्णोद्धार असा आपल्या अंगणातच झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या इंजिनात दुसरा भाग बसविण्याचे स्थूलमानाने चार मार्ग संभवतात. पहिला, मूळ कारखान्याने त्या काळी बनविलेला, परंतु कधीच न वापरलेला भाग मिळविणे. दुसरा, दुसऱ्या एखाद्या निकामी इंजिनातून चांगला भाग काढून घेणे. तिसरा, मूळ आराखड्याबरहुकूम नवा भाग घडविणे. चौथा, मूळापेक्षा निराळ्या धातूचा किंवा घाटाचा, कदाचित अधिक चांगलाही, भाग बसविणे. सामान्य माणसास वाटेल की, पहिला मार्ग निर्धोक आणि चौथा निषिद्ध. कायद्याची दृष्टी मात्र अशी नाही. भाग नवा की जुना, हे तो विचारीत नाही; भाग कोठून आला, कोणत्या आराखड्याप्रमाणे झाला, कोणी तपासला आणि कोणी सही केली, हे तो विचारतो. आपल्याकडे आज मंजूर कार्यशाळेतून आलेल्या भागासोबत 'सीए फॉर्म १' नावाचा दाखला लागतो. दाखला नसलेला मूळचा कोरा भाग अडवून धरला जाईल. आणि दाखल्यासह आलेला, कालपरवा घडविलेला भाग सुखाने बसेल. चौथा मार्गही बंद नाही. मात्र त्यास 'दुरुस्ती' न म्हणता 'बदल' म्हणतात, आणि बदलास आधी मंजुरी लागते.

कागदाचे हे एवढे स्तोम कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ८ सप्टेंबर १९८९ रोजी उत्तर समुद्राच्या काठी मिळाले. नॉर्वेतील पार्टनेअर कंपनीचे एक कॉन्व्हेअर विमान ऑस्लोहून हॅम्बर्गकडे निघाले होते. विमान १९५३ सालचे, म्हणजे छत्तीस वर्षांचे. डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ त्याचे शेपूट हवेतच खिळखिळे होऊन तुटले आणि विमानातील सर्व ५५ माणसे प्राणास मुकली. शेपटाचे उभे पाते ज्या बोल्टांनी जखडले होते त्यांत नकली, कमी ताकदीचे बोल्ट होते, असे चौकशीत निघाले. दिसावयास ते खऱ्यासारखेच. फरक फक्त पोलादाच्या अंगचा, जो डोळ्यास दिसत नाही. ज्या गोष्टी डोळ्यांस दिसत नाहीत त्यांच्यासाठी कागद लागतो. भंगाराच्या दुकानात हुबेहूब भाग मिळाला म्हणून हर्षभरित होणाऱ्या हौशी माणसाने ही हकीकत उशाशी ठेवावी.

परंतु कायद्यासही एक अडचण आहे. भागाची हमी मूळ कारखान्याने द्यावी, हे ठीक; पण कारखानाच उरला नाही तर? डी हॅव्हिलंडचा इंजिन-व्यवसाय १९६१ साली ब्रिस्टल सिडलीत आणि तो १९६६ साली रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाला. सुदैवाने या घराण्याच्या विमानांची कागदपत्रे सांभाळणारी एक लहानशी संस्था इंग्लंडात डक्सफर्ड येथे आहे. ज्यांना असा वाली नाही त्या यंत्रांचे काय? अमेरिकेने यावर व्यवहारी तोड काढली. तेथे विमानाच्या मालकास, आराखडा, धातू व तपासणी यांची जबाबदारी स्वतः घेऊन, आपल्या विमानापुरता भाग बनवून घेता येतो. मात्र तो विकण्याचा धंदा करता येत नाही. २००९ साली तेथील विमान प्रशासनाने जुन्या लहान विमानांत पर्यायी भाग व पदार्थ कसे वापरावेत याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. १९३५ सालच्या पोलादाची जात आज बाजारात नाही, तर आजची कोणती जात तिच्या तोडीची मानावी, अशा तऱ्हेचे प्रश्न त्यात हाताळले आहेत. अनाथ यंत्राचे पालकत्व ज्याने घेतले त्याने जबाबदारीही घ्यावी, हे त्यामागील तत्त्व आम्हांस न्यायाचे वाटते.

येथवर विमानविद्येच्या कायद्याची बाजू झाली. आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे. आणि ती पुन्हा आपल्याला देवळाकडे नेते. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि पुराणवस्तुखात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली दुरुस्तीच्या नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे तत्त्व वैमानिकाच्या अगदी उलट. जुना भाग तुटका असला तरी तोच मोलाचा. तर्काने नवे नाक, नवा हात घडवून मूर्ती पुरी करू नये. आधार द्यावा, पण खोटे वय देऊ नये. चालत्या देवळांस व मशिदींस मात्र त्यांनी काही सवलत दिली. कारण तेथे केवळ दगड नव्हे, वहिवाटही जिवंत असते. विमानतज्ज्ञ म्हणतो, 'झिजले ते काढा'. पुराणज्ञ म्हणतो, 'झिजले तेच ठेवा.'

चांगल्या हेतूने घातलेली भरही कशी अंगाशी येते, याचा दाखला आमच्या मराठवाड्यातच आहे. निजाम सरकारने १९२० नंतर अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटू पाहणारे रंग पक्के केले, हे त्यांचे उपकार; पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर काळाने पिवळा पडून काळवंडला आणि पुढील पिढ्यांना तो उतरविण्याचे जिकिरीचे काम करीत बसावे लागले. जुन्या वस्तूत नवे द्रव्य घालताना ते पुढे काढता येईल की नाही, हा विचार तेव्हापासून सर्वत्र मान्य होत गेला.

आजच्या कायद्यांतही हे द्वंद्व कायम आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणवून घेण्यास पात्र. म्हणजे ज्या कामावाचून विमानास उड्डाणाचा दाखला मिळावयाचा नाही, त्याच तऱ्हेच्या कामाने मोटार आपली पुराणपदवी गमावू शकते! १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याकडे पाहा. शंभर वर्षे झालेली, गतकाळातील विज्ञान दर्शविणारी वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते, आणि अशी वस्तू केंद्र सरकारच्या अनुज्ञेवाचून देशाबाहेर नेता येत नाही. मॉथ विमानांची पहिली पिढी शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. टाटांच्या टपाल-उड्डाणास २०३२ साली शंभर वर्षे पुरी होतील. वायुदलाचे टायगर मॉथ व डाकोटा ही दोन्ही जुनी विमाने इंग्लंडातील कारागिरांच्या हातून पुन्हा उडती झाली. उद्या एखाद्या गृहस्थास आपले शतायुषी इंजिन ओव्हरहॉलसाठी परदेशी धाडावयाचे झाले, तर ते यंत्र आहे की पुराणवस्तू, असा प्रश्न कस्टमच्या दारात उभा राहणे अशक्य नाही. त्याचा विचार आधीच केलेला बरा.

मग योग्य काय? विमान उडवावयाचे नसेल, तर मार्शलसाहेबांचे ऐकावे: एकही भाग बदलू नये, गंज थांबवावा आणि यंत्र संग्रहालयात जसेच्या तसे ठेवावे. उडवावयाचे असेल, तर मूळपणाचा मोह सोडावा. दुसऱ्याच्या जिवावर आपली पुराणप्रीती पोसण्याचा अधिकार कोणास नाही. शिवाय मूळपणा म्हणजे तरी काय? जिप्सी मेजर इंजिन सेवेत आले तेव्हा दोन ओव्हरहॉलांतील अंतर सुमारे ४५० तास होते; महायुद्ध संपेपर्यंत ते १५०० तासांवर गेले. अनुभवाने कारखान्याचा स्वतःच्या यंत्रावरील विश्वास जसजसा वाढला, तसतशी ही मर्यादाही वाढत गेली. जे यंत्र आपल्या भर तारुण्यातच बदलत होते, त्याचे नेमके कोणत्या दिवसाचे रूप आपण 'मूळ' धरणार?

मात्र दोन्ही पक्षांस बंधनकारक असे एक व्रत आहे, आणि ते सत्याचे. जे बदलले ते बदलले असे लिहून ठेवावे. काढलेला भाग भंगारात न टाकता चिठ्ठी लावून जपावा. आणि इंजिनाच्या क्रमांकाची पट्टी एकावरून काढून दुसऱ्यावर ठोकू नये. अमेरिकेत ही पट्टी परवानगीवाचून काढणेच नियमबाह्य आहे, आणि ते योग्यच होय. कारण पट्टी हे यंत्राचे नाव आहे, आणि नाव चोरले की सारी नोंदवही खोटी होते. याची उजळ बाजूही पाहावयास मिळते. २०१८ साली राजीव चंद्रशेखर यांनी, डाकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ, एक डाकोटा दुरुस्त करवून वायुदलास अर्पण केले. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगविला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. हे विमान ते विमान नव्हे. त्याच्या आठवणीसाठी ते नाव त्यास दिले आहे, आणि तसे उघड सांगितलेही आहे. उघड सांगितले, म्हणूनच ते वंदन ठरते. लपविले असते तर तीच लबाडी झाली असती.

१९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकदा केले. विमान पुस मॉथ नव्हते. त्याच घराण्यातील लेपर्ड मॉथ होते. कोणी म्हणाले नाही की, हे उड्डाण खोटे. वैमानिक तोच होता, मार्ग तोच होता, आणि विमान बदलले आहे हे कोणापासून लपविलेले नव्हते.

औंढ्याच्या देवळाकडे पुन्हा एकवार पाहावे. ज्यांनी ते शिखर उभारले त्यांना खालच्या तोडीचे कोरीव काम साधले नसेल, किंवा तेवढा पैसा व वेळ नसेल. परंतु त्यांनी विटेस काळा रंग फासून ती दगड असल्याचा बहाणा केला नाही. काळे कोठे संपते आणि पांढरे कोठे सुरू होते, हे खेड्यातून आलेल्या लहान मुलासही दिसते. आणि तो सांधा पाहूनही तो मुलगा हात जोडतो. इंजिनाचे लॉगबुक लिहिणाऱ्या अभियंत्याकडूनही आमची अपेक्षा याहून निराळी नाही.